बॉनेटखालचा उन्हाळा

पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरच्या बॉनेटवर जे रुंद तोंड आहे, ते बहुतेकांना रुबाबासाठी ठेवलेलं वाटतं. आपल्याकडे ती गाडी कुणाकुणाच्या दारात उभी असते ते पाहता तसं वाटणं साहजिकच आहे. पण ते तोंड नुसतं दाखवायला नाही. त्याच्या बरोबर खाली, इंजिनाच्या डोक्यावर आडवा झोपवलेला इंटरकूलर आहे, म्हणजे टर्बोने (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंपाने) दाबून तापवलेली हवा आत जाण्याआधी थंड करणारी जाळी, आणि समोरून येणारा वारा त्या तोंडातून त्याच्यावर पडतो. २००९ साली भारतात आलेली ही ३ लिटरची फॉर्च्युनर: वन-केडी-एफटीव्ही इंजिन, २९८२ सीसी, १७१ पीएस, ३४३ न्यूटन-मीटर. २०१६ मध्ये २.८ लिटरची नवी गाडी आली आणि बॉनेटवरचं तोंड गेलं. जुन्या गाड्या मात्र अजून भरपूर पळताहेत, लाख-दोन लाख किलोमीटर सहज ओलांडून, आणि त्यांच्या मालकांना कधी ना कधी मोठा इंटरकूलर बसवायची हुक्की येते.

हुक्की वाईट नाही, पण ती बहुधा चुकीच्या कारणासाठी येते. मोठ्या इंटरकूलरने गाडीची ताकद वाढेल असं विकणारा सांगतो. कारखान्यातल्या ट्यूनवर चालणाऱ्या गाडीला प्रत्यक्षात मिळणारी वाढ इतकी थोडी असते, की ड्रायव्हरला ती सीटवर बसून कळणं कठीण. मिळतं ते वेगळंच. घाटाच्या पायथ्याशी गाडी जशी ओढते तशीच ती माथ्याजवळही ओढते, आणि मधल्या अर्ध्या तासात पिस्टन आणि टर्बोवर कमी उष्णता साचते. ज्याला हे हवं आहे त्याने खर्च करावा. ज्याला सिग्नलवर शेजारच्या गाडीला मागे टाकायचं आहे, त्याने पैसे वाचवावेत.

थोडा हिशोब करून पाहू. बाहेर ४० अंश आहेत आणि टर्बो १.२ बार बूस्ट (वातावरणाच्या वरचा जादा दाब) देतोय, म्हणजे हवा साधारण २.२ पट दाबली जातेय. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून बाहेर पडणारी हवा सुमारे १५० अंशांवर जाते. इंटरकूलरने टर्बोची हवा आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकाचा ६० टक्के भाग काढला, तर इंजिनात ८५ अंशांची हवा शिरते. ८० टक्के काढला, तर ६३ अंशांची. २२ अंशांचा हा फरक घनतेत मोजला तर सहा-साडेसहा टक्के भरतो. म्हणजे तेवढ्याच बूस्टमध्ये सहा टक्के जास्त हवा.

आता उष्णता किती काढायची ते पाहू. ३००० आरपीएमवर हे इंजिन सेकंदाला साधारण १४० ग्रॅम हवा ओढतं. १५० वरून ८५ अंशांवर आणायला नऊ-साडेनऊ किलोवॅट उष्णता बाहेर टाकावी लागते, ६३ वर आणायला बारा-तेरा. घरातला गीझर २ किलोवॅटचा असतो. सहा गीझर एकदम चालू असावेत इतकी उष्णता त्या पसरट जाळीतून सतत बाहेर पडायला हवी, आणि तीही बॉनेटच्या तोंडातून जेवढा वारा आत येईल तेवढ्याच वाऱ्यावर. घाटात ट्रकच्या मागे ताशी ३० ने चाललेल्या गाडीला तो वारा मिळतच नाही. कारखान्याच्या इंटरकूलरची खरी अडचण ही आहे. महामार्गावर तो पुरतो. लोड मोठा आणि वेग कमी, अशा जागी तो उघडा पडतो.

पेट्रोल इंजिनात गरम हवेमुळे नॉकिंग होतं, म्हणजे पेट्रोल आपोआप भडकून ठोके बसतात. डिझेलला ती भीती नाही, म्हणून पुष्कळ मेकॅनिक इंटरकूलरकडे दुर्लक्ष करतात. डिझेलमध्ये त्रास एक्झॉस्टच्या तापमानातून होतो. ढोबळ नियम असा की डिझेल तेवढंच राहिलं तर आत जाणारी हवा जितके अंश थंड, जवळजवळ तितकेच अंश एक्झॉस्टही थंड. टर्बोच्या आधी मोजलं तर ६५० ते ७०० अंश हे दीर्घकाळ चालवायला सुरक्षित मानतात. ७५० च्या वर मिनिटामागून मिनिटं गाडी ओढायची नाही. पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असतो आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. खालून तेलाचा फवारा आणि दर फेरीला येणारी ताजी हवा, या दोघांच्या जिवावर पिस्टन टिकतो. वन-केडीच्या काही वर्षांच्या गाड्यांत पिस्टनला तडे गेल्याच्या तक्रारी ऑस्ट्रेलियापासून अनेक देशांत झाल्या, त्यामुळे या इंजिनाच्या मालकाने उष्णतेबद्दल जरा जास्तच हळवं असायला हरकत नाही.

मात्र तडा गेलेल्या पिस्टनचं, गळक्या इंजेक्टरचं किंवा चोक झालेल्या ऑइल स्ट्रेनरचं औषध इंटरकूलर नाही. इंजेक्टरखालचे तांब्याचे वायसर गळायला लागले की ज्वलनाचा वायू तेलात मिसळतो, काजळी साचते आणि संपमधली (इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीतली) जाळी, म्हणजेच स्ट्रेनर, तुंबते. या इंजिनाचा हा जुना, माहितीतला आजार आहे. आधी इंजेक्टरचे करेक्शन आकडे (इंजिनाचा संगणक कुठल्या सिलिंडरला किती डिझेल कमी-जास्त करतोय ते) स्कॅनरवर पाहावेत, ऑइल प्रेशर मोजावं, मगच चकचकीत ॲल्युमिनियमवर पैसे घालावेत. हा क्रम उलटा करणारी गिऱ्हाईकं गॅरेजवाल्यांना फार आवडतात.

पुढचा प्रश्न जागेचा. जुन्याच जागी, वरच मोठा बसवायचा की बंपरमागे, एसीच्या कंडेन्सरपुढे आणायचा?

पुढचा इंटरकूलर कागदावर जिंकतो. थेट समोरचा वारा, मोठं क्षेत्रफळ, इंजिनाच्या गरमीपासून लांब. पण फॉर्च्युनरवर तो बसवायला बंपर उतरवावा लागतो, हॉर्न हलवावे लागतात, रेडिएटरच्या बाजूच्या पत्र्याला किंवा प्लास्टिकला भोकं पाडावी लागतात आणि लांबलचक दोन पाइप फिरवावे लागतात. एवढं करून त्या सहा गीझरांची गरमी आपण कंडेन्सर आणि रेडिएटरच्या तोंडावर सोडतो. मे महिन्यात चंद्रपूरला पारा ४५ पुढे गेलेला असताना एसी आधीच धापा टाकत असतो, त्यात ही भर. शिवाय वरचा इंटरकूलर इंजिनालाच बोल्ट केलेला असतो, इंजिनासोबत हलतो, त्यामुळे त्याच्या होजवर ताण येत नाही. पुढचा चॅसीला धरलेला आणि टर्बो इंजिनाला. गिअर टाकताना इंजिन जेवढं डोलतं, ते सगळं डोलणं होजना सोसावं लागतं, म्हणून दोन्ही बाजूंना फुगवटा असलेले होज घ्यावेच लागतात. सांधे चारवरून आठवर जातात. हवा निसटते ती सांध्यातूनच.

पुढच्या इंटरकूलरविरुद्ध ‘लॅग (पाय दाबल्यापासून बूस्ट येईपर्यंतचा उशीर) वाढतो’ हा युक्तिवाद मात्र फुगवलेला आहे. २००० आरपीएमवर हे इंजिन सेकंदाला चाळीसेक लिटर दाबलेली हवा पितं. पाइप आणि कोअर (इंटरकूलरची मधली जाळी) मिळून चार-पाच लिटर जागा वाढली, तरी ती भरायला सेकंदाचा साधारण दहावा भागच लागतो. लॅग जाणवत असेल तर आधी गळती शोधा.

कोकणातली चिखलवाट, सह्याद्रीचे घाट आणि वर्षातून एखादी लडाखची वारी अशा वापरासाठी माझा कौल वरच्या मोठ्या इंटरकूलरला आहे. काटक्या, दगड आणि नदीच्या पाण्याची लाट यांपासून तो आपोआप सुरक्षित राहतो. पुढचा घ्यावा तो सतत वजन ओढणाऱ्याने, ट्रेलर लावणाऱ्याने, किंवा ट्यून करून बूस्ट बराच वाढवलेल्याने. लडाखचा उल्लेख आलाच आहे, तर तिथलीही एक अडचण सांगून ठेवतो. उंचीवर हवा विरळ, म्हणून तोच बूस्ट गाठायला टर्बोला जास्त दाबावं लागतं आणि त्यातून निघणारी हवा अधिक तापते. त्याच वेळी जाळीतून जाणारा वाराही विरळ, म्हणजे कमी उष्णता उचलणारा. बाहेर थंडी असली तरी दोन्हीकडून नुकसान.

कोअर निवडताना दोन जाती समोर येतात. ट्यूब-अँड-फिनचा हलका असतो, वारा सहज जाऊ देतो आणि लवकर थंड होतो. बार-अँड-प्लेटचा जड आणि दणकट. तो तापायला वेळ घेतो, आणि एकदा तापला की थंड व्हायलाही वेळ घेतो. दहा मिनिटांच्या घाटात बार-अँड-प्लेटचं वजन फायद्याचं, मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये तोट्याचं. नुसत्या जाडीवर भाळू नये. जाड कोअरच्या खालच्या थरापर्यंत पोचेतो वारा आधीच तापलेला असतो, वर बॉनेटही लागतं. वाऱ्याच्या बाजूचे फिन (पत्र्याच्या पातळ पाकळ्या) फार दाट असतील तर बॉनेटच्या तोंडातला मंद वारा त्यांतून जातच नाही, बाजूने निसटतो. आणि हवेच्या मार्गातला दाबाचा तोटा विचारल्याशिवाय कोअर घेऊ नये. २.२ बारमधले ०.१ बार कोअरमध्येच हरवले तर थंडाव्याने मिळालेल्या सहा टक्क्यांतले साडेचार गेले. ईसीयू (इंजिनाचा संगणक) इनटेक मॅनिफोल्डवरचा दाब पाहून टर्बोमधल्या, एक्झॉस्टची वाट अरुंद-रुंद करणाऱ्या पात्या फिरवतो, त्यामुळे हा तोटा मीटरवर दिसत नाही. टर्बो मुकाट्याने जास्त राबतो आणि हवा आणखी तापवतो.

टाक्या ॲल्युमिनियमच्या, टिग वेल्डिंग सलग, आणि पाइपांच्या तोंडाला उठावदार कडा असलेला घ्या. कडा नसलेल्या गुळगुळीत पाइपवरून होज बूस्टमध्ये सटकतो, आणि तो नेमका ओव्हरटेक करताना सटकतो.

नवा कोअर खोक्यातून काढून थेट गाडीवर चढवू नये. आत वेल्डिंगचे कण, ग्राइंडिंगचा भुसा, पॅकिंगचे तुकडे असतात आणि इंटरकूलरनंतर कुठलाही फिल्टर नसतो. आत निसटलेला कण थेट व्हॉल्व्हपर्यंत जातो. डीग्रीझर ओतून, हलवून, पाण्याने धुऊन, दोन्ही बाजूंनी आळीपाळीने कॉम्प्रेसरची हवा मारायची आणि उन्हात पूर्ण वाळवायचा. आत राहिलेलं पाणी किंवा डीग्रीझर इंजिनात गेलेलं चालत नाही. मग एक तोंड बंद करून दुसऱ्यातून रेग्युलेटर लावून १.५ बार हवा भरायची, वेल्डिंगवर साबणाचं पाणी सोडायचं, दहा मिनिटं काटा खाली येतो का पाहायचं. बूच क्लॅम्पने आवळलेलं असावं आणि त्याच्या समोर कुणी उभं राहू नये. १.५ बारला सुटलेलं बूच दात पाडतं.

गाडी पूर्ण गार असताना काम सुरू करायचं. बॅटरीची निगेटिव्ह काढा. बॉनेटच्या तोंडाची डक्ट आणि वरचं प्लास्टिक उतरवा. टर्बोकडून येणाऱ्या आणि थ्रॉटल बॉडीकडे जाणाऱ्या होजचे क्लॅम्प सैल करा. होज चिकटलेला असतो. स्क्रूड्रायव्हर खुपसू नका, पिळून फिरवला की सुटतो. १० आणि १२ चं सॉकेट, लांब एक्स्टेन्शन आणि रॅचेट एवढ्यावर ब्रॅकेटचे बोल्ट निघतात. कुठला बोल्ट कुठून निघाला ते पुठ्ठ्यावर टोचून ठेवा, लांबी सारखी नसते. इंटरकूलर उचलल्याबरोबर टर्बोचं आणि थ्रॉटलचं तोंड बंद करा. सैल चिंधी नको, ती आतच राहते. घट्ट झाकण किंवा टेप लावलेली पिशवी चालेल. वायसर आत पडला तर दिवसाचं काम महिन्याचं होतं.

जुना इंटरकूलर उलटा करून पाहा. तेलाचा पातळ थर असणारच, क्रँककेसची (इंजिनाच्या पोटातली) वाफ त्याच वाटेने जाते. कपभर तेल निघालं तर मात्र टर्बोचं सील किंवा ब्रीदर (ती वाफ बाहेर नेणारी वाट) तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. साचलेलं तेल एकदम इंजिनात ओढलं गेलं तर डिझेल इंजिन तेच जाळून बेफाम पळू शकतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. टर्बो फुटलेल्या गाडीतला जुना इंटरकूलर धुऊन परत वापरू नये. फिनांत अडकलेले पात्यांचे तुकडे कधी सुटतील याचा नेम नाही. थ्रॉटलचं तोंड उघडं पडलंच आहे तर आत टॉर्च मारा. ईजीआरची (एक्झॉस्टचा थोडा भाग परत आत आणणाऱ्या वाटेची) काजळी आणि तेलाची वाफ मिळून इनटेकला डांबराचा लेप बसलेला असतो, आणि निम्मा रस्ता बुजलेला असताना मोठ्या इंटरकूलरचा काय उपयोग?

नवा कोअर ब्रॅकेटवर ठेवून सगळे बोल्ट आधी हाताने चार-चार आटे लावा. एकही बोल्ट पूर्ण आवळायचा नाही. होज बसवून, पाइप सरळ रेषेत आले की मग आवळा. बोल्ट ओढून पाइप जागेवर आणले तर तो ताण वेल्डिंगवर जातो आणि सहा महिन्यांत तडा दिसतो. ॲल्युमिनियममध्ये जाणाऱ्या ८ मिमी बोल्टला २० न्यूटन-मीटरच्या आत राहा. लांब पान्याने आटे घालवणं दोन सेकंदांचं काम आहे. होज सिलिकॉनचेच, चार किंवा पाच पदरी, आणि आतून फ्लुरोसिलिकॉनचं अस्तर असलेले. साधं सिलिकॉन तेलाने हळूहळू फुगतं आणि झिरपतं. होज पाइपवर निदान ४० मिमी चढावा, क्लॅम्प उठावाच्या मागे बसावा. खाचांच्या पट्टीचे साधे क्लॅम्प सिलिकॉनला कापतात. टी-बोल्ट क्लॅम्प घ्या आणि ६ ते ८ न्यूटन-मीटरला आवळा. होज चढवायला तेल, ग्रीस किंवा स्प्रे लावू नका, तो तसाच बुळबुळीत राहतो. साबणाचं पाणी लावा, ते वाळून जातं. पाइपचा व्यास ६३ मिमीच्या पुढे नेण्याचं काहीच कारण या इंजिनाला नाही.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे बॉनेट आणि कोअर यांमधलं फोमचं सील. इंटरकूलर इंजिनासोबत डोलतो, तोंड बॉनेटसोबत स्थिर असतं, त्यामुळे मधलं सील मऊ आणि सगळीकडून टेकणारं हवं. एका कडेला बोटभर फट राहिली की वारा जाळीतून खाली जाण्याऐवजी त्या फटीतून निघून जातो. मग महागाचा कोअर कारखान्याच्या कोअरपेक्षाही वाईट काम करतो. कोअरच्या चार कोपऱ्यांवर कणकेचे गोळे ठेवून बॉनेट हळू बंद करा, उघडा आणि चेपलेल्या गोळ्यांची जाडी मोजा. सगळीकडे निदान १२ मिमी हवी. त्याहून कमी असेल तर पहिल्या-दुसऱ्या गिअरच्या झटक्यात कोअर बॉनेटला आतून ठोकणार.

काहीजण कोअरवर छोटे पंखे बसवतात. रांगेत उभ्या गाडीत इंजिनाची गरमी वर येऊन कोअर तापतो, तेव्हा वरून खाली ढकलणारा पंखा कामाचा आहे. रिले आणि फ्यूज लावून जोडावा. पंख्याचा सांगाडा वेगात वाऱ्याला अडवतो, म्हणून तो पातळ आणि जाळीचा थोडाच भाग झाकणारा असावा.

सगळं बसल्यावर गाडीवर गळती तपासायची. टर्बोच्या आधीच्या तोंडाला झडप असलेलं बूच लावून, इंजिन बंद ठेवून, कमी दाबाने हवा भरायची. १ बारच्या वर जायचं नाही. त्याआधी क्रँककेसचा ब्रीदर होज काढून ती वाट बुजवा, नाहीतर तो दाब थेट इंजिनाच्या पोटात जाऊन तेलाची सीलं ढकलतो. ही पायरी विसरल्यामुळे क्रँकची सीलं गळायला लागलेल्या गाड्यांचा दोष मग इंटरकूलरवर येतो. थोडी हवा उघड्या व्हॉल्व्हमधून जाणारच, सुस्कारा ऐकू येतो तो त्याचा. सांध्यावर बुडबुडे दिसले तर तो सांधा.

चालवताना पाठोपाठ शिट्टी, काळा धूर आणि मेलेला पिकअप आला तर होज सटकला किंवा फाटला आहे. हवा मोजणारा सेन्सर गळतीच्या आधी बसलेला असतो. त्याने मोजलेली हवा इंजिनापर्यंत पोचत नाही, ईसीयू मात्र तिच्या हिशोबाने डिझेल सोडतो. स्कॅनरवर P0299 म्हणजे बूस्ट कमी, P0234 म्हणजे जास्त. दुसरा कोड आला तर इंटरकूलरवर खापर फोडण्याआधी टर्बोच्या पात्या काजळीने अडकल्या आहेत का पाहा.

फायदा झाला की नाही हे मोजूनच कळतं, आणि इथे मोठी फसगत होते. ओबीडीच्या (गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटवरून आकडे दाखवणाऱ्या) ॲपवर ‘इनटेक टेम्परेचर’ म्हणून दिसणारा आकडा बहुतेक गाड्यांत एअर फिल्टरजवळच्या सेन्सरचा, म्हणजे टर्बोच्या आधीचा असतो. इंटरकूलर काढून फेकला तरी तो बदलणार नाही. इंटरकूलरच्या बाहेर पडणाऱ्या पाइपवर वेगळा सेन्सर लावायला हवा, आणि एक्झॉस्टसाठी के-टाइप थर्मोकपल (मोठं तापमान मोजणारा सेन्सर), एक्झॉस्ट मॅनिफोल्डमध्ये, टर्बोच्या आधी. टर्बोनंतर लावला तर लोडमध्ये शंभर-दोनशे अंश कमी दाखवतो आणि खोटी शांती देतो. मॅनिफोल्ड गाडीवर असतानाच ड्रिल मारणारे कारागीर भेटतात, पण भुसा थेट टर्बोच्या पात्यांवर जातो. मॅनिफोल्ड उतरवूनच भोक पाडावं, आटे मारावेत.

मोजायला पोलादपूर ते महाबळेश्वर हा आंबेनळीचा घाट उत्तम. जवळजवळ समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटरपर्यंत, ४० किलोमीटरच्या आत-बाहेर. बदलाच्या आधी आणि नंतर तेच वजन, तीच वेळ, तोच गिअर. पहिल्या पाच किलोमीटरांच्या आकड्यांना काही अर्थ नाही, कोअर अजून तापायचा असतो. अर्ध्या तासानंतर काटा कुठे स्थिरावतो ते वहीत लिहा. जुन्या आणि नव्या इंटरकूलरमध्ये तिथे २० अंशांचा फरक पडला तर काम चोख झालं. ५० अंशांच्या गोष्टी सांगणाऱ्याचा जुना कोअर तेलाने आणि लाल मातीने बुजलेला असण्याची शक्यता जास्त.

यानंतर लगेच चिप लावून डिझेल वाढवायचा मोह होतो, आणि कमावलेला थंडावा त्याच संध्याकाळी खर्च होतो. एक्झॉस्टचा काटा डोळ्यांसमोर नसेल तर चिप नकोच.

कायद्याचीही बाजू आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ नोंदीतल्या तपशिलापेक्षा वेगळे बदल करायला मनाई करतं. इंटरकूलर इंजिनाची क्षमता बदलत नाही, तरी विमा कंपनीला लेखी कळवलेलं बरं, विशेषतः बंपरमागे कापाकापी केली असेल तर. जुना इंटरकूलर, त्याचे होज आणि बोल्ट तोंडं बंद करून जपून ठेवा. गाडी विकताना तो परत बसवायची मागणी होऊ शकते.

बसवल्यानंतर ५०० किलोमीटरांनी सगळे क्लॅम्प पुन्हा तपासा. सिलिकॉन तापून बसतं आणि पहिला आवळा हमखास सैल पडतो. गार गाडीवरच तपासायचं. त्यानंतर दर सर्व्हिसला एकदा पुरे. पावसाळ्यानंतर जाळी धुताना प्रेशर वॉशरची धार फिनांवर सरळ मारू नये, ते आडवे पडतात. साध्या नळीने, खालच्या बाजूने वर पाणी सोडलं की अडकलेली पानं, किडे आणि माती आल्या वाटेने परत निघतात. वाकलेले फिन लाकडी काडीने एकेक सरळ करता येतात, त्यासाठी एक रविवार बाजूला काढावा लागतो.